जिताड्याचं डोकं

“बौदी, फिले बना दूँ?” मासेवाल्याने सुरी उचलली.

“बिलकुल नहीं! पूरा चाहिए, सिर के साथ,” शकुन जवळजवळ ओरडलीच.

बालीगंजच्या या बंगाली बाजारात भेटकी मासा म्हणजे काटे काढलेले पांढरे तुकडे. पेणच्या माणसाला हे बघवत नाही. तिकडे हाच जिताडा, आणि त्याचं डोकं पंगतीतल्या मानाच्या पाहुण्याला वाढतात. आज दुपारी श्यामकांतसाहेब जेवायला येणार होते. ते डोकं समोर असूनही त्यांना मिळू नये, एवढ्यासाठीच ती बजबजकडच्या नदीतला अख्खा मासा शोधत फिरत होती.

तिचा नवरा हेमंत बँकेत या साहेबांच्या हाताखाली होता. मामंजी शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा साहेबांनी त्याची रजा नाकारली. हेमंत पेणला पोहोचला तोवर चिता विझली होती. तरी तो आजही म्हणायचा, “साहेबांचा नाइलाज होता गं.” ते ऐकलं की शकुनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नाइलाज म्हणे!

आता निवृत्त झालेले साहेब याच शहरात, सॉल्ट लेकला मुलाकडे आले होते. जिताडा खायला घाला, असा फोनही त्यांनीच केला होता.

“वा! एवढा थोराड म्हणजे नर असणार,” पाटावर बसल्या बसल्या ते म्हणाले.

“मादी आहे. जिताडे आधी नर असतात, वाढले की मादी होतात. मग खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतात. मामंजी तळ्यात पाळायचे, त्यांनीच सांगितलेलं.”

बोलता बोलता तिने डोकं वाटीत घालून हेमंतला वाढलं आणि साहेबांना शेपटी.

साहेब अलिबागचे, डोक्याचा मान त्यांना ठाऊक. ते हसले. “वहिनी, ताटांची अदलाबदल झाली वाटतं.”

“नाही. बरोबर वाढलंय.”

हेमंतचा चेहरा उतरला. त्याने डोक्याची वाटी साहेबांकडे सरकवायला उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली.

“साहेब, वडील गेले तेव्हा... ती रजा खरंच देता येत नव्हती?”

“कुठली रजा?” शेपटीतला काटा काढत साहेबांनी विचारलं.

हा माणूस ओशाळेल, मान खाली घालेल, मग आपल्याला गार वाटेल, असं शकुनला वाटत होतं. त्याच्या तर लक्षातही नव्हतं.

हेमंतने वाटी परत आपल्या ताटात ठेवली. डोकं फोडलं, आणि एकेक हाड सावकाश चोखत तो जेवू लागला. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही.

“शकुन,” तो म्हणाला, “मला भात वाढ.”