एकाच कांडीवरचं सूत

बारशाच्या सकाळी कमलिनीबाईंनी घुगऱ्यांसाठी भिजवलेला एक हरभरा सोलून पाहिला, तर त्यात पाळणा होता. तांदळाच्या कणीएवढा असेल. त्यावर मच्छरदाणी होती आणि मच्छरदाणीच्या आत कुणीतरी बसलं होतं. त्यांनी दुसरा सोलला. त्यातही तोच पाळणा, तीच मच्छरदाणी, तेच माणूस. आता सगळं पातेलं तसंच असणार, हे त्यांना कळून चुकलं. नववीच्या वर्गाला त्यांनी वर्षानुवर्षं हेच तर शिकवलं होतं. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सगळं असतं, टाचेच्या पेशीत डोळ्याचं आणि डोळ्याच्या पेशीत टाचेचं. सोललेले हरभरे त्यांनी पुन्हा पाण्यात सोडले आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

वैजूनं, त्यांच्या लेकीनं, बाळाला पाजता पाजता आतून विचारलं, "आई, घुगऱ्या लावल्यास का?"

"नाही अजून. आत माणूस आहे."

"मग मंद आचेवर लाव."

वैजूच्या मुलीला जन्मतःच कपाळावर पांढऱ्या केसांची एक बट होती. तशी बट कमलिनीबाईंनाही होती आणि त्यांच्या आईला, अंबूलाही. अंबूला जन्मापासून काहीच ऐकू येत नसे. इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात ती कांड्या भरायची. धोट्यात बसणाऱ्या त्या छोट्या गुंडाळ्या तिच्यासारख्या झरझर कुणी भरत नसे. मागांच्या खडखडाटात तिथं कुणालाच कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळ्या बायका अंबूच्या हातांनी बोलायच्या, तिच्याच खुणांनी एकमेकींची चेष्टा करायच्या. तिथं अंबूचं काही अडत नव्हतं. अडायचं ते भोंगा झाल्यावर, घराकडे येताना, मागून टांगा आला की.

आता दवाखान्यातल्या कान तपासायच्या यंत्रानं बाळाच्या बाबतीत धड उत्तर दिलं नव्हतं. बारसं झालं की पुन्हा आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून घरात सगळ्यांच्या हातून भांडी फार पडत होती, तीही नेमकी पाळण्याच्या मागे. वैजूनं मात्र खुळखुळा कपाटात ठेवून दिला होता. बाळानं मान वळवली नाही, तर ते तिला पाहायचं नव्हतं.

पाहुणे यायला लागले, ते सगळे अर्धेच आले. चपला काढाव्यात तसा प्रत्येकानं आपला अर्धा भाग दारात काढून ठेवला होता. वैजूच्या सासूबाई एका पायानं, एका डोळ्यानं, अर्धा पदर सावरत सोफ्यावर टेकल्या.

"अर्ध्याच आलात, विहीणबाई?" कमलिनीबाईंनी विचारलं.

"तुम्ही तरी कुठं सगळं दिलंत? बाळात जागा असते तेवढंच आणायचं." मग पाळण्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "नाक आमच्याकडचं आणलंय. बटेचं तुमचं तुम्ही बघा."

तोवर घराचे कोपरे भरून आले होते. भिंतींना बाक आला आणि घर गोल झालं. कपाट, शिलाईचं मशीन, मिक्सर सगळं जमिनीवरून सुटून पाण्यात असल्यासारखं संथ फिरू लागलं. मिक्सर जवळून गेला तेव्हा वैजूच्या नणंदेनं, सुनेत्रानं, त्यात खोबरं वाटून घेतलं. नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा, म्हणून ती पैठणी नेसून आली होती. अर्धीच. फक्त पाळणा कुठंही गेला नाही. तो बरोबर मधोमध होता, आणि माणूस आलं की घर त्याच्याभोवती थोडं आवळत होतं.

कमलिनीबाईंनी शिलाईच्या मशीनच्या खणातून कात्री काढली. बट राहू द्यायची आणि बटेमागून येणारं बहिरेपण तेवढं कापून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पाळण्यावरच्या मच्छरदाणीच्या एका भोकातून त्या आत शिरल्या. भोक मोहरीएवढं होतं, पण त्याला त्यांची ओळख पटली.

आत मागाचा कारखाना होता. त्याच्या दोन्ही भिंती दिसत नव्हत्या. जमिनीपासून आढ्यापर्यंत सूत होतं. गुंडाळलेलं, पुन्हा त्या गुंडाळीचं वेटोळं, पुन्हा त्या वेटोळ्यांची लड. दोन धागे एकमेकांना पीळ घालून चालले होते आणि मधे शिडीसारखे आडवे टाके होते. हे चित्र फळ्यावर काढताना त्यांचा खडू नेहमी मोडायचा. इथं एकही टाका मोडला नव्हता. सगळं सूत उलगडलं तर पन्हाळ्याला किती फेरे बसतील कोण जाणे, आणि ते एका कणीत मावलं होतं. कमलिनीबाई हातातली कात्री विसरून वर पाहत राहिल्या. मग त्या तिथंच खाली बसल्या.

समोर अंबू कांडी भरत होती. वैजूपेक्षाही लहान दिसत होती. तिनं मान वर केली आणि दोन तर्जन्या एकमेकींभोवती फिरवल्या, सूत गुंडाळतात तशा. कमलिनीबाईंचं हे नाव होतं. तोंडानं घेता येत नव्हतं, म्हणून आईनं त्यांना हातांनी ठेवलेलं. ती गेल्यापासून या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

बाहेर चल, असं कमलिनीबाईंनी खुणेनं सांगितलं. अंबू हसली. इथलं मूळ सूत बाहेर जात नाही, बाहेर जाते ती नक्कल, हे तिनं सांगायची गरज नव्हती. ते त्यांनीच मुलांकडून घोकून घेतलं होतं.

"कात्री कशाला आणलीस?" अंबूच्या हातांनी विचारलं.

"नातीला ऐकू यायला हवं."

"आणि पांढरं?"

"पांढरं राहू दे. तुझी खूण आहे ती."

अंबूनं लडीतून एक पांढरा धागा ओढून त्यांच्या कानाला लावला. कारखान्याचा खडखडाट थांबला. इतकी स्वच्छ शांतता कमलिनीबाईंनी कधी ऐकली नव्हती. त्यांनी पांढरं कुठं संपतं आणि शांतता कुठं सुरू होते ते नखानं चाचपून पाहिलं. कात्रीचं टोक शिरेल एवढीही फट सापडली नाही.

"एकाच कांडीवरचं सूत आहे," अंबू म्हणाली.

"मग मला कसं ऐकू येतं?"

"मला काय माहीत? मी नुसती कांडी भरली." तिनं धागा पुढे ओढला. तो कमलिनीबाईंच्या कपाळावरच्या बटेतून निघत होता. त्यांच्या मानेला हिसका बसला. "काप. कुठून कापतेस?"

कमलिनीबाईंनी कात्री उघडली. पात्यांच्या मधे आई होती, त्या स्वतः होत्या, आणि पुढं दूरवर, अजून न भरलेल्या कांड्यांकडे सूत चाललं होतं. त्यांनी कात्री मिटून कमरेला खोचली.

तेवढ्यात सुतानं हालचाल केली. लडी आखडून जाड झाल्या आणि जोडीजोडीनं मधल्या ओळीत येऊन उभ्या राहिल्या, शाळेत मुली प्रार्थनेला उभ्या राहतात तशा. एक त्यांच्याकडची, एक विहीणबाईंकडची. मच्छरदाणी वरून विरघळत आली. अंबू कांडी ठेवून उठली आणि पांढऱ्या लडीत जाऊन उभी राहिली. मग ती कुठली आणि लड कुठली, ते सांगता येईना.

कमलिनीबाई पाळण्याशेजारी उभ्या होत्या. घर आता इतकं आवळलं होतं की सगळ्या पाहुण्यांचे गाल एकमेकांना लागले होते. कुणीही भांडं पाडलं नाही. पातेल्यातले हरभरेसुद्धा झाकणाखाली हलायचे थांबले. वैजूनं आईचा हात धरला.

"आत्या, सांगा आता," विहीणबाई हळूच म्हणाल्या.

सुनेत्रा वाकली. बाळाच्या कानाला तिनं ओठ लावले आणि नाव सांगितलं. ते बाकी कुणालाही ऐकू आलं नाही.

बाळानं मान हलवली नाही. त्यानं दुपट्यातून दोन्ही हात बाहेर काढले, एकेक बोट सरळ केलं आणि कमलिनीबाईंकडे पाहत ती दोन बोटं एकमेकींभोवती फिरवायला सुरुवात केली.