पुटपुटणारं जग

प्राध्यापकांच्या मते त्यांना कमी ऐकू येत नव्हतं, लोक पुटपुटायला लागले होते. आधी विद्यार्थी, मग बातम्या देणारे, मग जावई आणि सगळ्यात शेवटी बायको. एवढी माणसं एकजात कशी पुटपुटायला लागली, याचं त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. उभी हयात त्यांनी तत्त्वज्ञानाच्या वर्गात हेच शिकवलं होतं: वस्तू मुळात कशी आहे हा सत्ताशास्त्राचा प्रश्न जरा बाजूला ठेवा, ती अनुभवाला कशी येते तेवढं बघा. अनुभवाला पुटपुटणं येत होतं.

हा अनुभव बायकोच्या घशाला मात्र भारी पडत होता. भाजी संपली हे ती ओरडून सांगायची, मुलीचा फोन आला हे ओरडून सांगायची, शेजारीण कशी आगाऊ आहे हेही ओरडूनच; ते मग शेजारणीला आयतं कळायचं. एकदा तरी नवऱ्याशी हळू आवाजात बोलायला मिळावं, एवढीच तिची इच्छा उरली होती. म्हणून जवळजवळ बखोट धरून तिनं त्यांना कानाच्या दवाखान्यात आणलं.

काचेची बंद खोली, कानांवर यंत्र, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. प्राध्यापक दाबतच राहिले. तपासणारी मुलगी चक्रावली आणि माइकवरून मोठ्यानं म्हणाली, "काका, मी आवाज सोडलाच नव्हता, तरी दाबलंत!"

"शांतता ऐकू आली ना. तीही येतेच की अनुभवाला."

"अहो, फक्त आवाज आला की दाबा!"

"बाहेर आला की, का मला आला की?"

मुलीनं बायकोकडे पाहिलं. "काकू, घरी पण असंच?"

"हे बरं म्हणायचं," बायको म्हणाली. "तुला निदान सुट्टी असते."

आलेख पाहिला, तर प्राध्यापकांचे कान वटवाघळाइतके तिखट निघाले. अशा कानांना ऐकायचं यंत्र कोण देणार? म्हणजे उरलेला जन्मही ओरडण्यातच.

मुलीनं बटण काढून घेतलं, काकांना बाहेरच्या खुर्चीत बसवलं आणि काकूंना पाठीमागे उभं केलं. "हळू आवाजात काहीही बोला. काका ते परत म्हणून दाखवतील."

बायकोसमोर ती ओळखीची पाठ. मग रोज स्वयंपाकघरात त्या पाठीला जे हळूच ऐकवायची, तेच तोंडून निघून गेलं. "दमले हो मी. तुमच्याशी संसार करून फार दमले."

मुलीनं कागदांत मान खुपसली. प्राध्यापक वाट बघत होते. जरा वेळानं म्हणाले, "सुरू करायचं ना? ही बोलत का नाही?"

तेवढं पुरलं. मुलीनं कानात छोटं यंत्र बसवलं, संगणकावर काहीतरी जुळवलं. "काकू, आता परत म्हणा. तेच हं, म्हणजे फरक कळेल."

बायकोनं त्या यंत्राकडे पाहिलं. इतकी वर्षं ती मोकळेपणानं बोलली, ते कुणी ऐकत नव्हतं म्हणून. दूध संपलंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण खोटं शोधून काढायचाही तिला कंटाळा आला होता.

"दमले हो मी," ती हळूच म्हणाली.

प्राध्यापक खुर्चीतच मागे वळले. आवाज बाहेर आला का आपल्याला, हे या वेळी त्यांनी विचारलं नाही.

"कधीपासून?"

"दहा वर्षं झाली!" ती सवयीनं ओरडली.

त्यांनी दचकून कानावर हात ठेवला. "ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला."

ती शेजारच्या खुर्चीत बसली. आवाज खाली आणायला तिला थोडा वेळ लागला.