पाणकराची शिट्टी

१९५७ सालची ही गोष्ट. आत्ताचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यात होता आणि आमचे गाव कोहमाऱ्याहून दोन कोस आत, तलावाच्या पायथ्याशी होते.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. कोणत्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. आठवते ते ब्रह्मदेशाचे जंगल आणि रस्ता खोदणारी पलटण. मी वाजले की सगळी फावडी एकदम थांबत. त्या पलटणीतला बकाराम कापगते १९४७ च्या उन्हाळ्यात घरी निघाला, तेव्हा त्याच्या हवालदाराने मला त्याच्या गळ्यात घातले. मला वाटले, आता जन्मभर खुंटीवर लटकायचे.

पण बकाराम कोहळी घराण्यातला. गावचा तलाव त्याच्याच पूर्वजांनी बांधलेला. गावाने त्याला पाणकर केले. तलावाचे पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, पाळीपाळीने वाटून देतो तो पाणकर. आधीच्या पाणकराचा ओरडून ओरडून घसा बसायचा. बकारामने मला कामाला लावले. एक लांब शिट्टी म्हणजे बांधीचे तोंड उघडा, दोन आखूड म्हणजे बुजवा. पहिल्या वर्षी लोक हसले. पुढच्या वर्षी म्हातारेसुद्धा माझ्या आवाजावर कुदळ घेऊन उठू लागले.

आमच्या गावात एक रीत होती. पाणकराची बांधी सगळ्यांत शेवटी, शेपटाला असायची. म्हणजे शेवटपर्यंत पाणी नेल्याशिवाय त्याचे स्वतःचे धान भिजणार नाही. म्हणून बकारामने आपली तलावाजवळची बांधी थोरल्या भावाला, उमरावला दिली आणि त्याची शेपटाची घेतली. बायको शामकला दुसऱ्याच दिवशी तिथे कुदळ घेऊन राबायला गेली. मला मात्र ही रीत फार शहाणपणाची वाटली. आता तसे म्हणवत नाही.

पुढे मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारचा झाला. पूर्वी उन्हाळ्यात घरटी एक माणूस गाळ काढायला येई. आता लोक म्हणू लागले, तलाव सरकारचा, तर गाळही सरकारच काढेल. बकाराम वैशाखात रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा राहून मला वाजवी. आधी निम्मे गाव आले, मग चार घरे, मग कोणीच नाही. मी जीव तोडून वाजत होते आणि खाली लोक निवांत दात घासत होते. शामकला म्हणायची, “कायले फुंकून राहिले जी? येणारा आला असता.” असे म्हणून तीच टोपली घेऊन गाळात उतरायची.

दोन माणसांनी तलाव थोडाच साफ होतो? गाळ साचत गेला आणि पाण्याला जागा उरली नाही. १९५७ साली हस्त कोरडा गेला. धान निसवायला आलेले, लोंब्या बाहेर पडू लागलेल्या. एक पाणी मिळाले असते तर पिकले असते, नाहीतर दाण्याविना नुसते तणीस. तलावात होते ते पाणी नीट वाटले तरच शेपटाला पोचणार होते. शेपटाला दोनच बांध्या होत्या, एक बकारामची आणि एक नंदाबाई नावाच्या विधवेची.

उमरावचा नंबर संपला. मी दोनदा आखूड वाजले, पुन्हा वाजले. त्याने तोंड बुजवले नाही. त्याचे पाहून बाकीच्यांनीही उघडीच ठेवली. बकाराम पाटाच्या कडेने तिथे गेला. उमराव बांधीच्या कडेला धुऱ्यावर बिडी ओढत बसला होता. भोवती पाच-सहा जण होते.

“दादा, तुझा नंबर झाला. तोंड बुजव. शिट्टी नाई ऐकली का?”

“ऐकली गा. लढाई संपून बारा वर्षं झाले, तू अजून पलटनीतच राहून राहिला.”

सगळे हसले. बकारामने शेपटाला पाणी पोचत नसल्याचे सांगितले.

“शेपटाले तुझी बांधी आहे. म्हणून तुझ्या पोटात दुखून राहिलं.”

आता कोणी हसले नाही. एकदोघांनी उमरावचे म्हणणे पटल्यासारखी मान हलवली. जी रीत बकारामला इमानात ठेवण्यासाठी होती, तिनेच त्याला चोर ठरवले.

बकाराम तडक शेपटाला गेला, ते सगळे मागोमाग. सगळ्यांच्या देखत त्याने स्वतःच्या बांधीचे तोंड चिखलाने बुजवले, वर दगड ठेवला. मागे वळून म्हणाला, “माझ्या धानाले थेंब नको. आता सांगा, मी कोणासाठी वाजवून राहिलो?”

मग एकेकाने मुकाट्याने तोंडे बुजवली. उमरावने सगळ्यांत शेवटी. नंदाबाईचे धान वाचले. बकारामचे उभ्या उभ्या वाळले. तणीस कापताना शामकला एवढेच बोलली, “तुमचं इमान गावानं पाहिलं जी. पोरीनं काय खावाचं?” प्रेमिला तेव्हा सहा वर्षांची होती. मला आजही त्या गावाचा राग येतो आणि त्याचाही येतो. पाणी त्याच्या हक्काचे होते. एका टोमण्यापायी त्याने घरचे धान का जाळावे?

पुढच्या वैशाखात तो पुन्हा मला घेऊन पाळीवर गेला. कोणी आले नाही.

१९६० च्या चैत्रात बकाराम तापाने गेला. त्या दिवशी त्याच्या मातीला न बोलावता घरटी माणूस आला. काही घरांतून तर दोघे-तिघे आले. एवढी माणसे गाळाला आली असती तर एका उन्हाळ्यात तलाव साफ झाला असता.

उमरावने पुढे ती वरची बांधी विकली आणि गोंदियाला राईस मिलमध्ये हमाली करता करता म्हातारा झाला. नंदाबाई आमगावला मुलीकडे गेली. शामकलाने शेपटाची बांधी सोडली नाही. पाणी पोचेल त्या वर्षी धान, नाही पोचले तर लाखोळीची डाळ, असे करत तिने प्रेमिलाला शिकवले. प्रेमिला दवनीवाड्याला मास्तरीण झाली. खेळाच्या तासाला ती मला वाजवायची आणि मुले धावत येऊन रांगेत उभी राहायची. मला बरे वाटायचे, आणि रागही यायचा. इतके सोपे होते ते.

मित्रांनो, आमच्या तलावात आता बेशरमाची झुडपे माजली आहेत. तुमच्या गावात कोणी पाळीवर उभे राहून बोलावत असेल, तर तो गेल्यावर येऊ नका. तो आहे तोवर या.