ताक घुसळायची चाल

लग्नात झुर्नावाल्याने आपल्या सनईसारख्या वाद्यावर ती चाल धरली आणि नाचाची रांग मधेच तुटली. तरुण मंडळी नाचत राहिली, पण साठीच्या बायका शेजारणीचा हात सोडून हळूच बाहेर पडल्या. कुणाच्या चपलेत खडा गेला, कुणाला एकाएकी तहान लागली. चहाचा पेला घेऊन बसलेल्या रेबवारने मान खाली घातली.

चाल त्याच्या आईची. तिकाटीला टांगलेली कातडी पखाल हलवत ताक घुसळताना ती गुणगुणायची. सव्विसाव्या वर्षी रेबवारने त्या चालीवर राष्ट्राध्यक्षांची स्तुती बसवली आणि रेडिओवर गायली. कधी, तर त्यांचंच लष्कर डोंगरापलीकडची गावं जाळत होतं तेव्हा! पुढे त्याने शेकड्याने गाणी रचली, परदेशांत मैफली केल्या, लोक त्याला उस्ताद म्हणू लागले. गावानेही सांभाळून घेतलं. बिचाऱ्याच्या डोक्याला बंदूक लावली होती, असं गाव म्हणायचं. रेबवार त्यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

आजची नवरी, त्याची भाची शिलेर, झगा सावरत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मागून तिची आई पिरोज आली.

"मामा, ऊठ. आजीचे शब्द घालून गा. बाटवलेली चाल आज आपली परत घेऊ."

"नको गं."

"बंदूक लावणाऱ्यांना लाज नाही वाटली, तुला कसली वाटते?"

भाचीच्या डोळ्यांतला तो विश्वास रेबवारला सोसवेना.

"बंदूक नव्हती," तो म्हणाला. "शहरात घर देतो म्हणाले. मी माझ्या पायांनी गेलो."

शिलेरने आईकडे पाहिलं. पिरोज ओढणी नीट करत होती.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आईलाही होतं. त्या सकाळी तू तिच्याकडून सदऱ्याला दोनदा इस्त्री करून घेतलीस, कॉलर बसत नाही म्हणून. नंतर ती मला म्हणाली, बंदूक लावलेला माणूस कॉलर बघत नाही."

"मग ती बंदुकीची गोष्ट?" शिलेरने विचारलं.

"तिनेच उठवली. तंदूरपाशी, पाणवठ्यावर, जी भेटेल तिला सांगत सुटली. आणि मरेपर्यंत तोंड मिटून ताक घुसळलं."

रेबवारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं ज्या खोट्याच्या आडोशाला तो राहिला, ते आईने उभं केलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

शिलेरने झुर्नावाल्यापुढचा माइक उचलून आणला. तो तिने रेबवारच्या हातात दिला. "तरी गा. तुझ्यासाठी नाही, आजीसाठी."

ढोल थांबला. बाजूला झालेल्या म्हाताऱ्याही वळून बघू लागल्या. रेबवारने कानावर हात ठेवला, तोंड उघडलं. आईची पहिली ओळ काय होती? दुधाचं काहीतरी होतं, एका शेळीचं नाव होतं. जिभेवर आली ती राष्ट्राध्यक्षांच्या तळपत्या तलवारीची ओळ, सगळी, एक अक्षर न चुकता. त्याने ओठ घट्ट मिटले.

सगळं गाव वाट बघत होतं. पिरोज एकटीच त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिला कळलं. तिने पुढे होऊन त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"घसा बसलाय हो त्याचा," ती लोकांना म्हणाली. "कालपासून ताप आहे, तरी आलाय बिचारा."

लोक हळहळले. कुणीतरी गरम चहा आणायला धावलं.

रेबवारने गळ्यावर हात ठेवला आणि मान डोलावली.