ऑब्रीचे लाकडी डोके

मी एक जुने लाकडी डोके आहे. मला नाक-डोळे नाहीत. नुसता डोक्याचा घाट आणि दोन कान. ब्रिस्टलमध्ये नाटकांसाठी केसांचे टोप विणणाऱ्या हेस्टरबाईंनी ऑब्री पेंगली या नवख्या नटाच्या मापाने मला कोरून घेतले. त्याच्या डाव्या कानामागचे टेंगूळसुद्धा माझ्याकडे आहे.

मित्रांनो, त्याचा प्रत्येक टोप आधी माझ्यावर विणला गेला. बिशप, खिसेकापू, वेडा राजा, नाताळच्या नाटकातली भांडकुदळ स्वयंपाकीण! पुढे सिनेमे आले. कॅमेरा अगदी जवळ येई, म्हणून बाई एकेक केस सुईने ओवत. टोप तयार झाला की ऑब्री तो घेऊन जाई आणि मी फळीवर नवल करत बसे. एका डोक्यात इतकी माणसे मावतात तरी कशी?

मग सिनेमावाल्यांना लंडनचे कारागीर मिळाले. मी तळघरात पडलो. ओल लागली, किड्यांनी एक कान कुरतडला.

वयाच्या बहात्तराव्या वर्षी ऑब्री अचानक हेस्टरबाईंच्या दारात उभा राहिला.

"हेस्टरबाई, नाटकात म्हाताऱ्या कोळ्याचं काम आलंय. दिग्दर्शक म्हणतो, टोप नको, मिशी नको, रंगसुद्धा नको."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"निदान भुवया तरी द्या! असा उघडाबोडका मी कधी रंगमंचावर गेलेलो नाही. सोंगं काढल्यावर आत कोणी नसलंच तर?"

"जा आणि बघून ये. मलाही कळू दे."

असे खडसावले खरे, पण पहिल्या प्रयोगाला बाईंनी मला तळघरातून काढून माझ्यावर पांढरा टोप चढवला आणि मला पिशवीत घालून विंगेत नेले. ऑब्रीने टोपाला हात घातला. क्षणभराने त्याने टोप सोडला आणि तो पुढे गेला.

प्रेक्षकांत कोणी तरी खोकले. मग एक हलका, खरखरीत आवाज आला. तो बिशपचा नव्हता, राजाचा नव्हता. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर जाळी ओढणाऱ्या, ऑब्रीच्या लहानपणीच्या घरातला होता.

"अगं बाई," हेस्टरबाई पुटपुटल्या, "हा आवाज इतकी वर्षं कुठे दडवला होता याने?"

टाळ्या थांबेनात. ऑब्री घामाने निथळत आत आला. बाईंनी रुमालाने त्याचे टक्कल पुसले.

"डोक्याला वारा लागला असेल."

"लागला. बरं वाटलं हो!"

आता मी त्याच्या खिडकीत असतो. त्याची लोकरीची टोपी माझ्यावर. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना ओलीत टाकू नका, एवढे मागणे आहे. आणि कोणी उघड्या डोक्याने पुढे जायला भीत असेल, तर त्याला जाऊ द्या. तुम्ही मात्र विंगेत उभे राहा.