चुलुनचं फ्रेंच

‘‘म्हण,’’ मावुली म्हणाला, ‘‘मला घरी जायचंय, कॅप्टन!’’

चुलुनने ते फ्रेंच शब्द छाती काढून जसेच्या तसे म्हणून दाखवले. मग भुवया उडवल्या. म्हणजे काय? मावुलीने अंगठा वर केला. म्हणजे, ‘माझं झकास चाललंय.’ कांदे सोलणारे दोघे पोलिश गडी खो खो हसले.

दक्षिण फ्रान्समधल्या त्या शेतघरात फ्रेंच सैन्यातल्या परदेशी लोकांच्या पलटणीचे नवे शिपाई पहिला महिना काढत. फ्रेंच येणाऱ्याशी न येणाऱ्याची जोडी लावत. टोगोच्या मावुलीला मिळाला मंगोलियाचा चुलुन. दात खराब म्हणून मागच्या वर्षी परत पाठवलेला. दात करून पुन्हा आलेला. धावताना तो मावुलीचंही ओझं घ्यायचा. पण हुकूम कळायचे नाहीत आणि शिक्षा दोघांना व्हायची. म्हणून ही गंमत. जेवणानंतर खरं सांगू, असं मावुलीने ठरवलं होतं.

कॅप्टन जेवणाआधीच आला. सगळे रांगेत उभे राहिले.

‘‘कसं चाललंय?’’ त्याने चुलुनला विचारलं.

‘‘मला घरी जायचंय, कॅप्टन!’’

रांगेत कोणी हसलं नाही.

‘‘नक्की?’’

‘‘हो, कॅप्टन!’’ एवढं चुलुनला येत होतं.

कॅप्टन मावुलीकडे वळला. ‘‘तू याचा जोडीदार ना? काय बोलतोय ते कळतंय ना याला?’’

मागून, रोज शिक्षा देणारा कॉर्पोरल रोखून बघत होता. खरं बोललो तर आपलंच सामान बाहेर पडेल, हे मावुलीला दिसलं.

‘‘कळतंय, कॅप्टन.’’

‘‘मग जाऊ दे. इथे जबरदस्ती नाही कोणावर.’’

आपली कशासाठी तरी निवड झाली, असं चुलुनला वाटलं. शीळ घालत तो सामान भरू लागला.

‘‘जा ना, सांग जाऊन!’’ एक पोलिश गडी मावुलीजवळ मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये पुटपुटला.

‘‘तू सांग.’’

‘‘मला कुठे धड बोलता येतं?’’

गाडीपाशी चुलुनने मावुलीला कडकडून मिठी मारली. मग गाडीकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘कुठे?’’

उत्तराचा शब्द त्याच वाक्यात होता; चुलुनने तो सकाळपासून दहादा घोकला होता. मावुलीने तो उच्चारला नाही. खाली वाकून त्याची पिशवी उचलली, गाडीत ठेवली आणि मागची फळी लावून घेतली.

गाडी हलली. आत ताठ उभं राहून चुलुनने मावुलीला सलाम ठोकला. कॉर्पोरल बघत होता. मावुलीला टाचा जुळवून हात वर करावाच लागला.