राखीच्या बुटाची पकड

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या मुठीत कुणाचा तरी पाय आहे. तो आता मोडणार हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्हाला तोंड नाही. ओरडता येत नाही. कसं वाटेल?

मी एक जुनी बाइंडिंग आहे. बर्फावर घसरायच्या लांब पट्टीला स्की म्हणतात. तिच्यावर बूट धरून ठेवणारी पकड म्हणजे मी. माझी जुळी बहीण दुसऱ्या पट्टीवर बसते. आमच्या पट्ट्यांची दोन्ही टोकं वर वळलेली आहेत, म्हणजे उडी मारून उलटं उतरलं तरी टोक रुतत नाही.

मला घडवणाऱ्याने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली आणि दोन कामं दिली. उडीत बूट धरायचा, आणि माणूस पडला की सोडून द्यायचा. किती जोर बसल्यावर सोडायचं, ते माझ्यावरचा आकडा ठरवतो. तो तीनपासून दहापर्यंत जातो; दहावर पकड सगळ्यात घट्ट.

एका थंड गावातल्या दुकानातून मी अनेक हिवाळे भाड्याने गेले. लोक कौतुक करत. मग एका तरुणाने उडीत मी सुटू नये म्हणून माझा स्क्रू दहापर्यंत पिळला. तो पडला. मी सुटले नाही. आधी त्याचा गुडघा वळला, मग हाड मोडल्याचा तो आवाज आला. नंतर कितीतरी वर्षं मी कोपऱ्यात धूळ खात होते, आणि तो आवाज माझ्यासोबत होता.

फौजेतली नोकरी संपवून घरी निघालेल्या तुळशीरामने आम्हाला तिथून स्वस्तात उचललं. त्याचं गाव जळगाव जामोद. तिथे बर्फ नाही, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या उतारावर त्याने प्लॅस्टिकच्या खरखरीत चटया अंथरल्या, पट्ट्या घसराव्यात म्हणून त्यांवर पाण्याचे फवारे सोडले आणि खाली उडीसाठी उंचवटा केला.

एका सकाळी त्याची बारा वर्षांची भाची राखी वडिलांबरोबर स्की निवडायला आली. समोर दोन जोड्या होत्या. एक चकचकीत लाल, दुसरी आमची, ओरखडे पडलेली.

"लाल घे वं," तिचे वडील निवृत्ती म्हणाले. "नवी दिसते."

"दाजी, बैल घेतानी रंग पाह्यता का दात?" तुळशीराम हसला. त्याने लाल पट्टीत बूट बसवला आणि बाजूने बुक्की मारली. बूट हलला नाही. "गंजली आतून. पायच मोडन ही."

मग त्याने माझा आकडा राखीचं वजन, उंची अन् बूट पाहून तीनवर आणला आणि बुक्की मारली. खट्! मी सुटले.

"राखी, दरवेळी असं पाह्यजो. मंगच उतरजो."

राखीने आम्हाला निवडलं. मी किती आनंदले!

तुळशीराम पाण्याची मोटर चालू करायला गेला. निवृत्ती रोज ट्रॉलीत कापूस भरून दोर आवळणारा माणूस. त्यांनी माझ्यावर वाकून पाहिलं. "एका बुक्कीत सुटते? पोरगी फेकल्या जाईन ना!" त्यांनी पेचकस उचलला आणि मायेने, अगदी मायेनेच, आम्हा दोघींना दहापर्यंत पिळलं.

माझी स्प्रिंग आखडली. मला तो जुना आवाज ऐकू यायला लागला.

राखी उताराच्या माथ्यावर उभी राहिली. तिचे बारीक पाय आमच्यात अडकलेले होते. खालून तिची मैत्रीण करिष्मा ओरडली, "भेली काय वं? उतर ना!"

राखीने काठ्या रोवल्या. मी मनात म्हणत होते, बुक्की मार, पोरी. एकच बुक्की.

ती थांबली. खाली वाकली आणि तिने बुटाला बुक्की मारली. मी हलले नाही. तिने पुन्हा मारली.

"आता काय झालं?" करिष्मा हसली.

"हसू दे तिले," राखी पुटपुटली आणि मोठ्याने ओरडली, "मामा, हे सुटून नाही राह्यलं!"

तुळशीराम धावत वर आला. आकडा पाहून त्याचा चेहरा उतरला. निवृत्ती मागोमाग आले. "मीच आवळली," ते म्हणाले. "मले वाटलं, घट्ट बरी."

राखीने पेचकस घेऊन मामाच्या देखत आम्हा दोघींना तीनवर आणलं. मग पाय पुढे केला. "बाबा, आता तुम्ही मारा बुक्की."

त्यांनी वाकून बुक्की मारली. खट्! दुसरा पाय. खट्!

मित्रांनो, जुनी वस्तू घ्यायला लाजू नका. पण तिचं काम काय, ते नीट समजून घ्या आणि दरवेळी तपासा. मी मोकळी राहिले तरच तुम्हाला सांभाळू शकते.

राखी उतरली, उंचवट्यावरून उडाली आणि आडवी पडली. पाय पिळला गेला. मी घाबरून डोळे मिटल्यासारखी झाले, आणि सुटले. तो जुना आवाज आला नाही. निवृत्ती पळत येत होते. ते पोहोचायच्या आत राखी उठली, तिने आम्हाला काखेत मारलं आणि ती पुन्हा चढ चढायला लागली.